चिंचेची सोबतीण

बक्षीस मिळालं का, हे सगळे आधी विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते: नाही मिळालं. उत्तेजनार्थसुद्धा नाही. आता ती चौकशी संपली असेल तर निवांत ऐका, कारण भंडारा जिल्ह्यात मी जे पंधरा दिवस काढले ते कुणाला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहायचे नाहीत.

आमच्या ह्यांना बोन्सायचं वेड होतं. त्यांची एक चिंच होती, म्हणजे आहे अजून. रस्त्याच्या कडेला उगवलेलं रोप आणून वीस वर्षं छाटून, तारा बांधून वाढवलेली. उंची दीड हात, पण खोड असं की गावाच्या वेशीवर उभी असावी. ती सगळी उजवीकडे झुकलीय आणि डावीकडे मोकळी जागा सुटलीय. आता बोन्सायवाल्यांची एक रीत असते. प्रदर्शनात मोठ्या झाडाच्या शेजारी एका हातघडणीच्या वाटीत एखादं किरकोळ झाड ठेवायचं. गवत, नेचा, रानफूल, काहीही. त्यानं मोठं झाड आणखी मोठं दिसतं आणि ऋतू कुठला तेही कळतं. दोघांच्या खाली आपापला लाकडी स्टँड. आमच्या पुण्याच्या क्लबात त्याला सोबतीचं झाड म्हणतात, मी सोबतीण म्हणते.

ह्यांना चिंचेचं वेड, तर मला सोबतिणींचं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अशा वाट्यांची रांग असायची. पण ह्यांनी एकदाही, एकदाही हो, माझी वाटी त्यांच्या चिंचेशेजारी ठेवू दिली नाही. "माझ्या झाडाला सोबत लागत नाही," म्हणायचे. मी म्हणायचे, डावीकडची जागा तुम्ही कुणासाठी सोडलीय मग? दर प्रदर्शनाला हेच भांडण. तीन वर्षांपूर्वी हे गेले आणि चिंच माझ्या गळ्यात पडली. छाटणी शिकले, माती बदलायला शिकले, पण वाटी शेजारी ठेवायचं धाडस पुण्यात होईना. क्लबातलं कुणी ना कुणी म्हणायचंच, "त्यांना आवडलं नसतं हो." जसं काही मला ठाऊकच नव्हतं!

म्हणून जेव्हा धाकट्या बहिणीनं, सुमननं, कळवलं की जानेवारीत नागपूरला फुलांचं प्रदर्शन असतं आणि बोन्सायचं वेगळं टेबल असतं, तेव्हा मी टुणकन उडीच मारली. नागपुरात ह्यांना ओळखणारं कोण होतं? अर्धवट राहिलेलं भांडण पुरं करायला निघाले, म्हणा ना.

जवाहरनगर

आगगाडीचं रडगाणं गात नाही. चिंच टोपलीत घालून मांडीवर, आणि स्टँड आणि माझी गवताची वाटी पिशवीत, बाकाखाली. रात्री कुणीतरी भलीथोरली ट्रंक बाकाखाली सारली. भंडारा रोडला उतरून पिशवी उघडते तर काय, स्टँडचे दोन तुकडे, वाटीचा चुरा आणि गवताचं भुस्कट! मी फलाटावर बसकणच मारली. सुमनचे यजमान वसंतराव न्यायला आले होते. ते बिचारे म्हणाले, "ताई, झाड तर शाबूत आहे ना?"

"झाड शाबूत आहे हो," मी म्हटलं, "पण गेलं ते माझं गेलं!"

वसंतराव दारूगोळ्याच्या कारखान्यात आहेत आणि राहतात कारखान्याच्या वसाहतीत. फाटकावर शिपायानं टोपलीवरचा पंचा उचलून पाहिला. "ये क्या है माताजी?" "इमली का पेड़." तो चिंचेकडे बघतो, माझ्याकडे बघतो. "कब बड़ा होगा?" "बड़ाच आहे," मी म्हटलं. माझं हिंदी तेवढंच. त्यानं सलाम ठोकला आणि आम्ही आत गेलो.

सगळी क्वार्टर्स एकसारखी, भोंग्यावर जागी होणारी, भोंग्यावर जेवणारी. सुमन वीस वर्षं तिथं राहून अगदी तिथली झालीय. सदाशिव पेठेत वाढलेली माझी बहीण मला म्हणते, "ताई, काहून एवढी रडून राहिली? दहा दिवस आहेत अजून. होऊन जाते सगळं!" मी डोळे पुसायचे सोडून हसतच सुटले. संध्याकाळी शेजारणी चिंच बघायला आल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. "चिंच घरात? अवो, चिंचेवर भूत राहाते!"

"एवढ्याशा झाडावर भूतही एवढंसंच असेल," मी म्हटलं. "त्याला मी वीस वर्षं ओळखते."

त्या रात्रीच ठरलं. वाटी नवी, स्टँड नवा आणि सोबतीणही नवी. तिघंही इथलीच.

आंधळगाव

दुसऱ्या दिवशी वसंतरावांच्या स्कूटरवर मागं बसून आंधळगाव गाठलं. तिथले श्रावण कुंभार मडकी छान करतात असं सुमनची भाजीवाली म्हणाली होती. थंडी अशी की माझी कानटोपी नाकापर्यंत आलेली. गावात शिरलो तर एका अंगणात मडक्यांची उतरंड आणि मधोमध चाक. श्रावणभाऊ दांडक्यानं ते जड चाक गरगर फिरवत होते, आणि त्यांची बायको पारबताबाई माती मळत होती.

मी जमिनीवर काडीनं वाटीचं चित्र काढून दाखवलं. तळहाताएवढी, उथळ, काठ जरा वाकडातिकडा. "वाकडा?" श्रावणभाऊ चमकले. "मुद्दाम वाकडा?" त्यांना ते जमेना हो! काठ आपोआप गोल यायचा. पारबताबाई हसायला लागली. शेवटी तिनंच पुढं होऊन ओल्या वाटीच्या काठाला अंगठा दाबला, आणि तो जो काठ झाला ना, अहाहा! पुण्यात असा काठ करायला लोक जपानी पुस्तकं मागवतात. मी म्हटलं, "अश्शाच आणखी दोन करा. आणि तळाला एकेक भोक."

चाक थांबलं. पारबताबाईचा मळता हात थांबला.

"कोन गेलं बाई तुमच्या घरचं?" श्रावणभाऊंनी हळूच विचारलं.

मला कळेचना. मग वसंतराव माझ्या कानाशी पुटपुटले, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भोकाचं मडकं मसणवटीतलं. ज्यानं अग्नी द्यायचा तो पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेला तीन फेऱ्या घालतो. मडक्याला भोक पाडतात, पाणी गळत जातं, आणि शेवटी ते मागं टाकून फोडायचं. आमच्याकडेही हेच आहे, पण मी बाईमाणूस, मसणात कधी गेलेच नाही, मला कुठून सुचणार?

"अहो, झाड लावायचंय!" मी म्हटलं. "पाणी निघून गेलं नाही तर मुळं कुजतात."

"लावा ना. पन भोक आमी पाडत नाही जी. मडकं इथून अख्खंच जाते. भोक ज्याचं त्यानं आपल्या जागी पाडावं."

वसंतराव म्हणाले, "अहो, कुंड्यांना असतंच की भोक. नागपूरचे कुंभार करतात."

"करत असतीन. आमच्या गावात झाड जमिनीत लावतेत."

मी भडकले. अंधश्रद्धा म्हटलं, विसावं शतक म्हटलं, काय काय म्हटलं. श्रावणभाऊ शांतपणे ऐकत होते. पारबताबाईनं गुळाचा काळा चहा आणून माझ्या हातात दिला. तिच्या अंगणात बसून तिचा चहा पीत तिच्या नवऱ्याशी भांडायचं म्हणजे पंचाईतच! वाट्या भाजून पुढच्या आठवड्यात मिळतील असं ठरलं. भोकाविना.

एकोडी

वसंतरावांच्या खात्यातले मेश्राम एकोडीचे. "ताई, सोबतीण पाहिजे ना तुमाले? आमच्या शेतावर चला," ते म्हणाले, आणि रविवारी आम्ही सगळे बसनं निघालो. साकोलीकडचा तो मुलूख मी कधी पाहिला नव्हता. जिकडंतिकडं धानाच्या बांध्या, म्हणजे आपली भातखाचरं, मधून मधून तळी, त्यांना इथं बोड्या म्हणतात, आणि कडेला मोहाची झाडं. धान केव्हाच कापून झालेलं. मला वाटलं होतं, आता काय, नुसती धसकटं दिसतील. बांधावर चढले आणि ओरडलेच.

निळं! सगळं शेत निळं! धसकटांच्या मधून गुडघ्याच्याही खालच्या उंचीच्या नाजूक वेली, त्यांना बारीक तणावे, आणि त्यांवर नखाएवढी निळी फुलं. मी तिथंच उकिडवी बसले. मेश्रामांची वहिनी, कौसल्या, धावत आली. तिला वाटलं मला भोवळ आली.

"हे काय आहे?"

"हे? लाखोरी आहे जी. डाळ होते. बैलंबी खातेत."

लाखोरी! पुण्यात जिच्या डाळीचं नाव काढलं तर लोक म्हणतात पाय लुळे पडतात, ती ही? एवढी देखणी? मी विचारलं, धान काढल्यावर पेरता का? कौसल्या म्हणाली, "नाही वो. धान उभा असते तेव्हाच त्याच्या पायात फेकून देतो. उगवते, पन सावलीत दबून राहाते. धान कापून नेला का मंग आपली मोकळी वाढते."

मी तिला ते परत एकदा सांगायला लावलं. सुमन माझ्याकडे बघत होती.

"मला हीच पाहिजे," मी म्हटलं.

आणि मग जी काय धमाल उडाली! कौसल्याचा चेहराच पडला. पुण्याची पाहुणी नागपूरच्या प्रदर्शनात आपल्या घरून बैलाचा चारा घेऊन जाणार? "माय वो, लोक काय म्हनतीन? गुलाब न्या. झेंडू न्या. आमचं वांग्याचं झाड पाहा केवढं झालं!" तिनं खरंच फळांसकट वांग्याचं झाड उपटायला घेतलं. मेश्रामांनी धरून ठेवलं म्हणून वाचलं. शेवटी लाखोरीचे दोन गड्डे मातीसकट काढून फडक्यात बांधले, तेव्हा तिनं शपथ घातली की गाव कुठलं ते कुणाला सांगायचं नाही. ती शपथ मी आज हे सांगताना मोडलीय. कौसल्या, रागावू नकोस गं.

जेवायला चिन्नोरचा भात होता. शिजताना वास बांधापर्यंत येतो. शिवाय बोडीतले मासे. मी मासे खात नाही म्हटल्यावर कौसल्याला माझी एवढी दया आली की तिनं लाखोरीच्या डाळीचे वडे तळायला घेतले आणि मी नको म्हणेपर्यंत थांबायला तयार होईना. मी नको म्हटलं नाही. वर सुमनला विचारलं, "पाय हलतायत ना गं माझे?" सगळं घर हसलं.

स्टँडही तिथंच सापडला. गोठ्याच्या मागं बैलगाडीचं मोडकं चाक पडलं होतं. त्याच्या घेराचा एक तुकडा, सुटा झालेला, हलकासा वाकलेला, गाडीवाटेनं घासून घासून गुळगुळीत. मी चिंचेची पसरट कुंडी डोळ्यांपुढं आणली. अगदी मापाचा! मेश्रामांचे भाऊ म्हणाले, "चुलीत जानारच होता. न्या." वसंतरावांनी पुढचे तीन दिवस कामावरून आल्यावर तो पॉलिशपेपरनं घासला, खाली दोन पाय ठोकले, आणि उरलेल्या फळकुटाचा वाटीसाठी एक चिमुकला स्टँड केला. मला वाटतं, एवढा आनंद त्यांना कारखान्यात कधी झाला नसेल.

पुन्हा आंधळगाव

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी वाट्या आणायला गेलो. भाजून लाल झालेल्या, एकीवर धुराचा काळा ढग उठलेला. बघून मी हरखलेच. पण भोक? वसंतराव हातड्रिल घेऊन आले होते. श्रावणभाऊंनी नम्रपणे हात जोडले. "अंगनात नोको जी. रस्त्याच्या पल्याड बसा."

रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली आम्ही बसलो. श्रावणभाऊंनी चाक फिरवायला घेतलं, पण आमच्याकडे पाठ करून.

वसंतराव कारखान्यातला माणूस, हाताला जोर. ड्रिल टेकवलं, फिरवलं, कट्!

"फुटली," पलीकडून पाठमोरे श्रावणभाऊ म्हणाले. "कोरडी पाडली काय? पान्यात भिजवा आधी!"

दुसरी भिजवली. आता मी ड्रिल घेतलं. अर्ध्यावर गेलं आणि तळाला बारीक चीर गेली ती काठापर्यंत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. उरली ती धुराच्या ढगाची, पारबताबाईच्या अंगठ्याची. आज संध्याकाळी तिच्यात लाखोरी लावायची, उद्या सकाळी नागपूर. ही फुटली तर चिंच पुन्हा एकटीच उभी राहणार, ह्यांना हवी तशी. मी ती घाईघाईनं भिजवून ड्रिल उचललं.

"घाई नोको करू बाई!" पाठ बोलली. "मशीन ठेवा. खिळा घ्या!"

तेवढ्यात पारबताबाई उठली आणि रस्ता ओलांडून आली.

"तू कुठं चालली?" श्रावणभाऊंनी मान न वळवता विचारलं.

"बसते. बाईले सोबत."

तिनं पाटीभर ओली वाळू आणली होती. वाटी तिच्यात पालथी घातली आणि दोन्ही हातांनी अशी धरली, जशी आपण अंघोळ घालताना पोराचं डोकं धरतो. मी खिळा टेकवून फिरवायला लागले. नुसता फिरवायचा, दाबायचा नाही. लाल भुगा निघायला लागला. फिरवता फिरवता मी तिला ह्यांच्याबद्दल सांगितलं. चिंचेबद्दल, भांडणाबद्दल. आम्हाला मूल नाही. मडकं पुतण्यानं धरलं. मी घरी बायकांत बसले होते, दार लोटलेलं.

"आमच्यातबी बाया जात नाहीत," पारबताबाई म्हणाली.

"मग ते मडकं कसं दिसतं, मी पाहिलंच नाही कधी."

"मी त लय पाह्यली. साऱ्या गावाची इथूनच जातेत. पन भोक पडल्यावर कसं दिसते, ते मीबी नाही पाह्यलं."

खिळा चालूच होता. आणि एकदम आत गेला! वाटी अख्खी! मी ती उचलून आकाशाकडे धरली, भोकातून कडुलिंबाची पानं दिसली. पारबताबाईनं लोट्यातलं पाणी ओतलं. टप, टप, टप, पाणी धुळीत पडायला लागलं. ती वाकून बघत होती.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच गं."

आणि आम्हाला हसू फुटलं, थांबेचना. "झालं काय?" पलीकडून विचारणा झाली. "झालं!" "मंग पदराखाली झाका अन् या चाहा प्यायले." तोवर मान काही वळली नव्हती.

नागपूर

हॉल भरलेला, शेवंतीच्या वासानं जड झालेला. बोन्सायचं टेबल मधोमध होतं, चारी बाजूंनी माणसं फिरणार होती. चिंच चाकाच्या तुकड्यावर ठेवली. त्या वाकलेल्या लाकडावर ती अशी दिसली की जणू कुठल्या गाडीवाटेच्या कडेलाच उभी आहे. वसंतराव चार पावलं मागं जाऊन पुनःपुन्हा बघत होते.

लाखोरीनं रात्रीत मान टाकली होती. सुमननं पेला भरून आणला. वाटी हातात घेऊनच मी पाणी घातलं आणि जागा बघायला लागले. डावीकडची मोकळी जागा माझ्या मनात वीस वर्षं पक्की होती, पण इथं लोक चहूकडून बघणार. म्हणून वाटी हातात धरून टेबलाला फेरी घातली. मग आणखी एक, दाराकडून कसं दिसेल ते पाहायला. मग आणखी एक. लाखोरी पाणी पिऊन हळूहळू मान वर करत होती, आणि माझं सगळं लक्ष तिच्या निळ्या फुलांकडे.

"ताई," सुमन म्हणाली. तिनं फरशीकडे बोट दाखवलं.

मी खाली पाहिलं. फरशीवर थेंब होते. माझ्या पावलांच्या शेजारून, चिंचेभोवती, एकात एक तीन कडी. वाटीच्या भोकातून अजून गळतच होतं, माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं होतं. मला कळलंच नव्हतं.

रडले का? हो, रडले. भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. मग पदरानं वाटीचा तळ पुसला. मागं टाकायची नव्हती ती. चिंचेच्या डाव्या बाजूला, चिमुकल्या स्टँडवर, ठेवली.

"घ्या," मी चिंचेला म्हटलं. "आता बोला काय बोलायचंय ते."

हॉलचा झाडूवाला फडकं घेऊन आला. "पानी सांडलं जी बाई, पुसून देऊ?"

"राहू द्या दादा," मी म्हटलं. "आपोआप वाळेल."